शिफारशीचं पेट्रोल

जन्म आणि मरण माणसाच्या हाती नसतं, म्हणूनच त्या दोन्ही गोष्टी सहसा पार पडतात. पेट्रोल मात्र स्वतः निवडावं लागतं.

नोंदणी कार्यालयातल्या हेडक्लार्कनी एकवीस वर्षांत एकही चुकीचा शिक्का मारला नव्हता (बरोबर शिक्केही फारसे मारले नव्हते). त्यांनी टर्बो इंजिनाची गाडी घेतली आणि नवव्या दिवशी आत्याला घेऊन निघाले. आईमागे त्यांना वाढवलेली ही आत्या. तिच्या डोळ्याच्या ऑपरेशनला अकराची वेळ मिळाली होती. पेट्रोल संपत आलेलं, म्हणून दहाला ते पंपावर थांबले.

"एक्याण्णव की पंच्याण्णव?" पंपावरच्या बाईंनी विचारलं.

प्रश्न पेट्रोलच्या ऑक्टेन नंबरचा होता. टाकीच्या झाकणामागे लिहिलं होतं : किमान ९१, शिफारस ९५. एखादा सामान्य माणूस ९५ भरून मोकळा झाला असता. पण शिफारस म्हणजे काय, हे हेडक्लार्कना ठाऊक होतं. त्यांच्याकडे वर्षाला सरासरी चारशे शिफारशी येत. पैकी चारशे फायलीला लागत.

"शिफारस कोणाची? खाली सही नाही."

"कंपनीची, साहेब. टर्बोला वरचा नंबर बरा. इंजिन ठोके मारत नाही, ताकदही पुरी मिळते."

"मग ९१ कशाला लिहिलंय?"

"त्यावरही चालते."

"म्हणजे दोन्ही चालतं?"

"चालतं की."

दोन्ही चालतं, तिथे जबाबदारी निवडणाऱ्याच्या अंगावर येते. हेडक्लार्कनी रीतसर चौकशी आरंभली. मागे खोळंबलेल्या सहा जणांची मतं घेतली : तिघे ९५, दोघे ९१, सहाव्याचं मत कागदावर घेण्याजोगं नव्हतं. शेजारच्या ट्रकवाल्याने डिझेल सुचवलं (अपात्र). मेहुण्याने फोनवर अर्धं-अर्धं भरायला सांगितलं. पण ९३ ना किमान होतं, ना शिफारस.

"बाळा, साडेदहा झाले," मागच्या सीटवरून आत्या म्हणाली.

"तुझ्यासाठीच चाललंय, आत्या. वाटेत इंजिन ठोकायला लागलं तर?"

"अरे, मला दिसत नाही. तुला तर दिसतंय ना काय लिहिलंय ते?"

आत्या पिशवी घेऊन चाचपडत उतरली. ट्रकवाल्याने हात दिला. "चला आजी, सोडतो."

"तुझ्यात कुठल्या नंबरचं घालतात रे?"

"आमच्यात एकच असतं."

"सुखी आहेस," म्हणत आत्या वर चढली.

ट्रक वळला तेव्हा हेडक्लार्कना गलबलून आलं. मागे धावावंसं वाटलं. पण चौकशी अर्धवट टाकणं नियमात बसत नव्हतं. दुपारी एकला त्यांनी निर्णय घेतला, टाकी भरली आणि रुग्णालय गाठलं.

ही हकीकत आजवर सेहेचाळीस जणांना सांगून झाली. सगळे पोट धरून हसले आणि मग प्रत्येकाने विचारलं, "पण भरलं कुठलं?" आत्याच्या डोळ्याचं काय झालं, हे अजून एकानेही विचारलेलं नाही. आपल्यालाही नंबरच हवाय ना?

पंच्याण्णव.