सिताराम येऊन गेले

पत्र्याची पेटी तिसऱ्यांदा उपडी केली तेव्हा सितारामची खात्री पटली, की कार्ड घरात नाही. पेटीतून बापाचा लग्नातला फेटा निघाला, शाळा सोडल्याचा दाखला निघाला, एक कुलूप निघालं. नोकरीच्या हापिसातलं ते पिवळं कार्ड तेवढं निघालं नाही. आणि मुदतीचा आजचा शेवटचा दिवस होता.

मॅट्रिक होऊन त्याने परभणीला नाव नोंदवलं, त्याला पाच वर्षं झाली होती. दर वर्षी तारखेच्या आत जाऊन कार्डावर शिक्का मारून आणायचा. तारीख हुकली की नाव कटलं, पाच वर्षांचा नंबर गेला, पुन्हा रांगेच्या शेपटाला. नोकरी लागली नव्हती. पण नाव लागलंय एवढ्या भांडवलावर सोनपेठच्या हाटेलात लोक त्याला सरकून जागा देत, आणि तेवढ्याच भांडवलावर तीन आठवड्यांपूर्वी पाथरीच्या दत्तरावांच्या कस्तुराशी त्याचं लग्नही ठरलं होतं.

"माय, माझं कार्ड कुठंय?"

पंचफुलाबाई भाकरी थापत होत्या. थाप थांबली नाही. "पाथरीला."

"कार्ड पाथरीला काय करायलंय?"

"दत्तराव घेऊन गेले. सुपारी फुटली त्या दिवशी. भावकीला दाखवतो म्हणले, जावई सरकारात हाय म्हणून."

"मी सरकारात न्हाई माय, सरकारच्या रांगंत हाय!"

"मग ते सांगून सोयरीक मोडू का? आन् हळू बोल, शेजारी ऐकायलेत."

सिताराम तसाच धावत सुटला आणि साडेआठची एस.टी. त्याने दारात लोंबकळून पकडली. हापीस पाचला बंद. पाथरीत कार्ड घ्यायचं आणि पुढची गाडी धरायची, हिशेब सरळ होता. फक्त त्या हिशेबात सासुरवाडी धरली नव्हती.

"अगं बाई, जावईबापू!" दत्तरावांच्या मंडळी लक्ष्मीबाई लगबगीने पदर सावरत म्हणाल्या. "कस्तुरा, चहा टाक गं!"

"चहा नको, मामी. कार्ड पायजे. आज शेवटचा दिवस हाय."

"ठाव हाय की! कस्तुरानंच वाचली तारीख. म्हणून तर हे फाटंच्या गाडीनं परभणीला गेले. म्हणले, पोराला कशाला हेलपाटा, मीच शिक्का मारून आणतो."

"मामी, तिथं ज्याचं त्यालाच जावं लागतंय!"

"आता आमी काय परके हाव का?" लक्ष्मीबाई म्हणाल्या.

दाराआड बांगड्या वाजल्या. लग्न ठरल्यावर पहिल्यांदा आलेला जावई चहाशिवाय उठत नसतो आणि पहिल्यांदा घातलेला चहा सासुरवाडीत कधी लवकर उकळत नसतो. त्यात साखर शेजारून यायची होती. चहा आला तेव्हा गाडी गेली होती. पुढची गाडी आली ती उशिरा, आणि मानवतच्या अलीकडे तिचं चाक बसलं. कंडक्टर झाडाखाली बसून तंबाखू मळू लागला. सितारामने त्याला चार वेळा वेळ विचारली. पाचव्या वेळी कंडक्टरने घड्याळच काढून त्याच्या हातात दिलं.

हापिसात तो पोचला तेव्हा पाचला पंधरा मिनिटं होती. कारकून माणिकराव रजिस्टर मिटत होते.

"साहेब, मी सिताराम. सोनपेठ."

माणिकरावांनी चष्म्यावरून पाहिलं. "सिताराम येऊन गेले."

"न्हाई साहेब, मी आत्ता आलो."

"सकाळी आले, मी शिक्का मारून दिला. पांढऱ्या मिशा, डोक्याला पटका."

"कार्डावर वय एकोणीस हाय, साहेब!"

"नोंदणीच्या वेळचं असेल," माणिकराव शांतपणे म्हणाले. "आमच्याकडं नाव लावून लोक म्हातारे होतात. मी वय विचारत नसतो. बरं दिसत नाही ते."

"मग आता ते कुठं गेलेत?"

"मागच्या मैदानात. वीजखात्याचे साहेब आलेत, लाइनमनच्या शिकवणीला एक उमेदवार घ्यायला. सहा महिने शिकवणी, मग कायम. सितारामचं नाव पुकारलं, ते उठले."

पाच वर्षं सिताराम ज्या पुकाऱ्याची वाट बघत होता तो झाला होता, आणि त्याला ओ दिली होती सासऱ्याने. तो मैदानाकडे धावला. विजेच्या खांबाभोवती पोरांची गर्दी होती. साहेबांची जीप धुरळा उडवत फाटकाबाहेर पडत होती आणि दत्तराव कासोटा सोडत होते.

"जावईबापू! नोकरी लागली!"

"कुणाला?"

"तुमालाच की! मी नुसता खांबावर चढलो. ही सगळी शिकलेली पोरं निम्म्यातून घसरायलती. मी जलमभर शेळ्यांसाठी लिंबावर चढतोय, मला काय त्याचं? साहेबानं मिशा बघून वय विचारलं तेवढं. म्हणलं, उन्हातान्हातलं काम हाय साहेब."

"मामा, ही फसवणूक हाय!"

"कसली? मी खोटं एक अक्षर बोललो न्हाई. नाव त्यांनीच कार्डावर वाचलं. बाकी इचारलं ते खरं खरं सांगितलं." आणि त्यांनी निवडीचा कागद पुढे केला.

सितारामने वाचलं. नाव सिताराम, गाव सोनपेठ. त्याची छाती फुगली. पुढे वाचलं. विवाहित. पत्नीचं नाव लक्ष्मीबाई. अपत्ये : तीन मुली.

"मामा! हे काय सांगितलंत?"

"दोघींची लग्नं झाली, कस्तुरा तिसरी," दत्तराव भाबडेपणाने म्हणाले. "तिघीच हायत. चौथी कुठून सांगू?"

दोघे धावत माणिकरावांकडे आले. घड्याळात पाचला दोन मिनिटं होती. माणिकरावांनी कागद नाकाशी धरून वाचला. पुन्हा वाचला.

"कठीण आहे. एक बायको असताना दुसरं लग्न केलं, तर सरकारी नोकरी जाते."

"पण पहिलं झालंच न्हाई, साहेब!"

"कागदावर झालंय. तीन प्रती निघाल्या, एक औरंगाबादला गेली. खोडायचं तर हे गृहस्थ कोण, ते लिहून द्यावं लागेल. मग निवड रद्द, नोंदणी रद्द. नवं नाव उद्या नोंदवा."

दत्तराव मटकन बाकावर बसले. नोकरी ठेवली तर लेक जाते, लेक द्यायची तर नोकरी जाते. आणि नोकरी गेलेल्याला लेक द्यायची का, हा तिसरा प्रश्न त्यांच्या चेहऱ्यावर आत्ताच उमटू लागला होता. सितारामला तो दिसला. घड्याळात एक मिनिट उरलं.

माणिकरावांनी पेनाला टोपण लावलं. "लग्नात मुलीचं नाव बदलता ना तुम्ही?"

"बदलतो की."

"मग लक्ष्मीबाई ठेवा. आमच्या कागदाला अडचण नाही."

"आवो, ते तिच्या मायचं नाव हाय!" दत्तराव उसळले. मग पटका सारखा केला. "ठेवू. हाक मारली की दोघी उठतील, एवढंच ना?"

सितारामने सुटकेचा श्वास टाकला. मग त्याची नजर पुन्हा कागदावर गेली. "साहेब, अन् ह्या तीन अपत्यांचं?"

माणिकरावांनी भिंतीवरच्या कुटुंबनियोजनाच्या लाल त्रिकोणाकडे पाहिलं. "तीनपर्यंत सरकारची हरकत नाही. तपासणी चार-पाच वर्षं तरी होत नाही. तेवढ्यात कागद खरा करून टाका."

दत्तरावांना मात्र खोट्याचा कंटाळा होता. ते हात जोडून म्हणाले, "पण साहेब, पोरगा झाला तर?"

"मुली लिहिल्यात," माणिकराव म्हणाले आणि त्यांनी खिडकी लावून घेतली.