थर्मासला खिडकीची सीट

प्रवास नाशवंत आहे आणि वस्तू टिकाऊ आहे. माणूस गावाला जातो, चार दिवस राहतो, परत येतो, आणि तो गेला होता याचा पुरावा म्हणून त्याच्या सुजलेल्या पायांखेरीज काही उरत नाही. वस्तूचं तसं नाही. ती शोकेसमध्ये बसते, आल्यागेल्याला दिसते आणि कोणी विचारलं तर तिच्याविषयी अर्धा तास बोलता येतं. हे सत्य नागपुरात सक्करदऱ्याच्या आमच्या गल्लीला फार पूर्वीपासून ठाऊक होतं. ते अमलात आणायची संधी मात्र १९८४ साली गगनदूत ट्रॅव्हल्सने दिली.

गगनदूतचे मालक ओमप्रकाशशेठ एकदा सोनेगावहून विमानाने मुंबईला गेले होते. विमानात त्यांना बशीतून गोळी आणि कानात घालायला कापूस मिळाला. (परतीचा प्रवास त्यांनी रेल्वेने केला. त्याविषयी ते बोलत नसत.) आल्याबरोबर त्यांनी आपल्या तिन्ही बसगाड्यांवर विमानं रंगवून घेतली, कंडक्टरच्या हातात गोळ्यांची बशी दिली आणि कापूसही चालू केला. कापसाचा उपयोग विमानापेक्षा बसमध्येच जास्त झाला, कारण बसमध्ये व्हिडिओ होता. एवढं करून त्यांचं समाधान झालं नाही म्हणून त्यांनी 'निष्ठावंत प्रवासी योजना' काढली. आपल्याकडच्या विमानवाल्यांनाही हे अजून सुचलेलं नाही, असं ते स्वतः सांगत.

योजना सोपी होती. दर तिकिटामागे एक कुपन. दहा कुपनांना साबणदाणी, वीसला लेमन सेट, चाळीसला गुलाबी फुलांचा थर्मास आणि शंभरला घडीची खाट. तक्त्याच्या अगदी तळाशी, बारीक अक्षरांत, 'किंवा चाळीस कुपनांत पुण्याचे जाऊन-येऊन एक तिकीट मोफत' असंही होतं. तो तक्ता ज्याने लिहिला त्याला माणसाचा स्वभाव चांगला कळत होता.

बाजारात तसाच थर्मास पुण्याच्या एका बाजूच्या तिकिटापेक्षाही स्वस्त मिळे, असा मुद्दा काही अर्धवट शिकलेले लोक पुढे करत. त्यांची कीव येते. विकत घेतलेली वस्तू ही नुसती वस्तू असते, फुकट मिळालेली वस्तू ही कर्तबगारी असते. (याविषयी आम्ही गल्लीत पाहणी केली. विकतच्या वस्तूविषयी पाहुण्यांना आपणहून सांगणारी घरं: शून्य. कुपनांवरच्या लेमन सेटविषयी सांगणारी घरं: ज्यांच्याकडे तो आहे ती सगळी, म्हणजे एक. ते माझं.)

आमचे शेजारी मनोहरराव उमरेडच्या हातमागाच्या साड्यांचे नमुने घेऊन पुणे, इंदूर, रायपूर फिरत. तिकीट व्यापारी काढून देई, पण कुपन मनोहररावांचं. तीन वर्षांत त्यांची चाळीस कुपनं भरली, आणि नेमकी त्याच सुमारास त्यांची मुलगी देवकी पुण्यात दुसऱ्यांदा बाळंत व्हायची होती. पहिलं बाळंतपण रीतीप्रमाणे माहेरी झालं होतं. दुसरं सासरी व्हायचं, तर देवकीची सासू पाय मोडून अंथरुणावर. घरात करणारं बाईमाणूस कोणी नाही. मनोहररावांच्या पत्नी कौसल्याबाईंचा जीव तिकडे लागला होता. पुण्याला त्या कधी गेल्या नव्हत्या. मुलीचं लग्न नागपुरात झालं आणि नंतर दर वेळी बसमध्ये त्यांच्या जागी साड्यांचं गाठोडं बसलं.

विषय महत्त्वाचा असल्यामुळे तो घरात न ठेवता वामनरावांच्या ओट्यावर आणण्यात आला. वामनराव हिशेबतपासनीस म्हणून निवृत्त झाले होते आणि निवृत्तीनंतर गल्लीचे हिशेब तपासत. बैठकीला वामनराव, मी, मनोहरराव आणि समोरच्या रंभाबाई होत्या. रंभाबाईंचं म्हणणं थोडक्यात असं की गल्लीत एकच थर्मास होता, त्यांचा, आणि तो त्यांच्या यजमानांच्या ऑपरेशनात फुटला. तेव्हापासून गल्लीतला कोणी दवाखान्यात पडला की घरच्यांना चहा न्यायला थर्मास मागत हिंडावं लागतं. म्हणजे हा प्रश्न एका घराचा नव्हता, सार्वजनिक आरोग्याचा होता.

"तिकीट काय, मनोहरराव, बसलं का संपलं," वामनराव म्हणाले. "थर्मास कसा, दहा वर्षं पाहत राहा."

कौसल्याबाई दाराशी उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "मले थर्मास नाही पायजे. मले पोरीजवळ जायचं आहे."

मनोहररावांनी समजूत घातली की ते स्वतः पुण्याला जात असतात, देवकीला पाहून येतात, पोरगी मजेत आहे.

"तुमी पाहून आले म्हणजे माह्यं पाहून झालं का?" कौसल्याबाई म्हणाल्या.

बैठकीने ही हरकत भावनिक स्वरूपाची असल्याचं नमूद केलं आणि थर्मासच्या बाजूने एकमताने निर्णय दिला. (कौसल्याबाई दाराच्या आत उभ्या असल्यामुळे त्यांचं मत ओट्यावरच्या मतांत धरता आलं नाही.)

थर्मास आला. गल्लीने त्याला डोक्यावर घेतलं. मनोहररावांनी त्याच्यासाठी शोकेसमधला वरचा कप्पा रिकामा केला. तिथे देवकीच्या लग्नाचा फोटो होता, तो खालच्या कप्प्यात गेला. थर्मासचे नियम ठरले. त्यात चहा भरायचा नाही, कारण वास बसतो. दूध भरायचं नाही, कारण साय चिकटते. गरम पाणी भरायला हरकत नव्हती, पण मग काच तडकली तर जबाबदार कोण, हे ठरेना. पंधरा दिवसांत रंभाबाईंचा भाचा दवाखान्यात पडला आणि त्या थर्मास मागायला आल्या. मनोहररावांनी त्यांना तो मनसोक्त पाहू दिला. सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न तिथे मिटला.

थर्मास हा मुळात प्रवासात न्यायचा असतो, आणि मनोहररावांनी प्रवास देऊन तो घेतला होता, ही गोष्ट तोवर कोणाच्याच लक्षात आली नव्हती. माझ्या आली होती, पण मी लेमन सेटवाला. माझ्या बोलण्यात मत्सर दिसला असता.

मग देवकीला दवाखान्यात ठेवल्याचं पुण्याहून जावयाचं, गिरिधरचं, पत्र आलं. त्यात दोन वाक्यं महत्त्वाची होती. 'आई आल्या तर फार बरं होईल. दवाखाना लांब आहे, दूध नेईस्तोवर गार होतं.' ओट्यावर या मजकुराचा बारकाईने विचार झाला. पहिलं वाक्य शिष्टाचाराचं होतं. दुसरं वाक्य ही मागणी होती, आणि ती पुरवणं मनोहररावांना शक्य होतं. त्यांनी मोठ्या मनाने थर्मास पुण्याला पाठवायचं ठरवलं. साय चिकटण्याचा नियमही त्यांनी मागे घेतला. आमच्या सगळ्यांचे डोळे पाणावले.

पण पाठवायचा कसा? त्यांना स्वतःला त्या आठवड्यात रायपूर होतं. पार्सलने फुटला असता. बसच्या टपावर फुटला असता. डिकीत फुटला असता, शिवाय चोरीला जाऊन मग फुटला असता. ओमप्रकाशशेठनी कंपनीचा नियम सांगितला की काचेच्या सामानाची हमी नाही, सामान सीटवर ठेवायचं तर पूर्ण तिकीट लागेल. ज्या तिकिटाचं नाव काढलं की मनोहरराव दोन महिने आढ्याकडे पाहत होते, ते त्यांनी पदरचे पैसे टाकून तिथल्या तिथे काढलं. थर्मास परत यायचा होता म्हणून परतीचंही काढलं. सीट खिडकीजवळची घेतली, मागच्या चाकांपासून लांब.

संध्याकाळी ओट्यावर ही व्यवस्था मंजूर होत असताना कौसल्याबाई पहिल्यांदाच बाहेर येऊन बसल्या.

"सीटवरून घसरला म्हणजे?" त्यांनी विचारलं. "ड्रायव्हरनं ब्रेक मारला, तर याले धरणारं कोण आहे?"

एवढा मोठा धोका आमच्यापैकी कोणाच्या ध्यानात आला नव्हता.

"मी बसते त्या सीटवर," कौसल्याबाई म्हणाल्या. "मांडीवर घेऊन बसीन. तिकीट वाढत नाही."

वामनरावांनी हिशेब डोक्यात दोनदा तपासला. त्यात चूक निघेना. ज्या बाईला आई म्हणून पुण्याला पाठवणं कोणत्याही हिशेबात बसत नव्हतं, ती थर्मासची सोबत म्हणून विनाखर्च जात होती. ठराव पास झाला. गगनदूतच्या यादीत नोंद झाली ती अशी: 'खिडकी. थर्मास. सोबत एक बाई.'

दुसऱ्या दिवशी चार वाजता आम्ही बैद्यनाथ चौकात निरोप द्यायला गेलो. मनोहरराव खिडकीतून सूचना देत होते: डुलकी घेऊ नको, आडवा धरू नको, वाटेत चहा पिशील तो स्टँडवरचा पी. कौसल्याबाई मान हलवत होत्या. त्यांनी नवी साडी नेसली होती, डिंकाच्या लाडवांचा डबा पायाशी ठेवला होता आणि थर्मास असा धरला होता की त्याची फुलंसुद्धा झाकली गेली होती. त्यांच्याइतका आनंदी चेहरा मी त्या चौकात पुन्हा पाहिला नाही. मला फार बरं वाटलं. कंडक्टरने पुढे केलेली गोळी त्यांनी घेतली, कापूस घेतला नाही.

त्यानंतरचे चार दिवस गल्लीचा जीव टांगणीला लागला होता. मनोहरराव रायपूरलाही नीट राहू शकले नाहीत, काम टाकून परत आले. पाचव्या दिवशी वामनरावांच्या फोनवर पुण्याहून ट्रंककॉल आला. मनोहरराव धावत आले, त्यांच्यामागे आम्ही सगळे. रंभाबाई हातात लाटणं तसंच घेऊन आल्या.

"पोचला का?" मनोहरराव ओरडले.

"पोचला," कौसल्याबाईंचा आवाज आला. फोनला कान लावायची गरज नव्हती, ओट्यावर ऐकू येत होतं.

"फुटला तर नाही?"

"नाही."

आम्ही सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. वामनरावांनी मनोहररावांच्या पाठीवर थाप मारली.

"आणखी काही विचारायचं आहे का?" कौसल्याबाईंनी विचारलं.

मनोहररावांनी आमच्याकडे पाहिलं. आम्ही आठवून पाहिलं.

"बूच जाग्यावर आहे ना?"

खरखरीतून "आहे" एवढंच आलं, आणि फोन बंद झाला.

योजना फायद्याची आहे की नाही, हा मूळ प्रश्न होता. थर्मास अखंड आहे आणि गाठीला दोन नवी कुपनं आहेत, म्हणजे आता अडतीसच कमी. वामनरावांनी पेढे मागवले आणि आम्ही ते खाल्लेही. अर्धा पेढा तोंडात असताना रंभाबाईंना आठवलं की देवकीला मुलगा झाला की मुलगी, आणि ती कशी आहे, हे विचारायचं राहून गेलं.

आपण हसलात, हे मी पाहिलं. पण या ओळींपर्यंत आपणही थर्मासचीच काळजी करत आलात, तेव्हा आपलं नाव मी वामनरावांना कळवून ठेवलं आहे. ओट्यावर जागा आहे.