पडद्यावर मेलेली माणसं

पडद्यावर नट मेला, की आमच्या अनसिंगचे शेषरावकाका शेजारच्याचं सांत्वन करतात. वाशिमच्या टॉकीजमध्ये एकदा नायकाला गोळी लागली. पुढच्या रांगेतली बाई हुंदके देऊ लागली, तर काका वाकून तिला म्हणाले, "माय, रडू नोको. काल टीव्हीवर ढोराईच्या ढेपीची जाहिरात करून राह्यला होता तो. चांगला धडधाकट हाय." बाई उठून दुसऱ्या खुर्चीवर जाऊन बसली.

एखादा नट बरेच दिवस कुठे दिसला नाही, तर काका बेचैन होतात. गल्लीभर विचारत फिरतात, "तो मांगच्या पिक्चरात बुडाला होता ना, कुठं दिसला का रे?" कुणी मोबाइलवर त्याचा नवा नाच दाखवला, की मगच जेवायला बसतात.

पोरं हसतात. मला फार हसता येत नाही. काकांचा मुलगा सुधाकर पुण्याकडे कामाला होता. ठेकेदारानं त्याला एका मोठ्या इमारतीच्या संडासाच्या टाकीत उतरवलं. ना दोर, ना मास्क. आतल्या वायूनं तो तिथंच संपला. ठेकेदार त्याला अपघात म्हणतो. मी खून म्हणतो, आणि सफाई मजुरांसाठी काढतो त्या पत्रकांत तसंच छापतो.

म्हणून टाकीत मेलेल्या मजुरांवरचा एक चित्रपट हाती आला, तेव्हा तो गावातल्या बुद्धविहारात दाखवायचं मी ठरवलं. लोक चिडले पाहिजेत, रस्त्यावर आले पाहिजेत. काकांना मुद्दाम बोलवायला गेलो.

"खरा हाय का खोटा?" त्यांनी विचारलं.

"खरा, काका. घडलेला."

"म्हंजे मेले ते मेलेच?"

"हो."

काका खाटेची सैल दोरी ओढत बसले. मग म्हणाले, "येतो."

रविवारी दुपारी खिडक्यांना चादरी बांधल्या. काका पांढरा सदरा घालून अगदी पुढे बसले. पडद्यावर तीन मजूर टाकीच्या कडेला चहा पीत होते. एकानं दुसऱ्याच्या कपात आपलं बिस्किट बुडवलं आणि शिवी खाल्ली. काका खळखळून हसले.

मग टाकीचं झाकण उघडलं. काका ताडकन उभे राहिले. त्यांची सावली पडदाभर पसरली.

"उतरू नोको, बाप्पा!"

"ओ काका, बसा ना!" मागून कुणी ओरडलं. "तुमचं टकुरंच दिसून राह्यलं नुसतं!"

काका माझ्याकडे वळले. "थांबव."

"काका, पुढंच तर खरं हाय. लोकाईले समजलं पाह्यजे."

"लोकाईले मंग दाखव. मी भाईर जाईन. आता चाय पिऊ दे त्याईले."

मी चित्रपट मागे नेला आणि चहावर थांबवला. काका सरकत सरकत पडद्यापाशी गेले आणि मांडी घालून बसले. बराच वेळ त्या तिघांकडे पाहिलं. मग मला जवळ बोलावून हळूच विचारलं,

"उतराच्या आंधी चाय भेटते का रे समद्याईले?"

मला माहीत नव्हतं. त्या सकाळी सुधाकरसोबत असलेल्या कुणालाही मी कधी भेटलो नव्हतो.

"भेटते, काका."

"गोड?"

"लय गोड."