मे महिन्यातला एकतीस डिसेंबर

मे महिन्यातल्या एका शुक्रवारी भर दुपारी इलाया गल्लीतला प्रत्येक माणूस तीन बोटं उंच झाला. म्हातारेकोतारे झाले, वस्तीच्या कप्तानबाई झाल्या, आगीचा बंब घेऊन आलेले दोन जवान झाले.

असं काही घडलेलं नाही. गल्लीत कुणालाही विचारा, "कुठला शुक्रवार?" असं तोच तुम्हाला विचारेल. तेव्हा तो विषय सोडून आपण रोवेनाच्या पिशवीकडे वळू.

ही पिशवी रोवेनाने बुधवारीच भरायला घेतली होती. शनिवारी तिची पाच वर्षांची पिपाय आयुष्यात पहिल्यांदा थीम पार्कला जाणार होती. पिशवीत कपड्यांचे दोन जोड, घाम टिपायला पोरीच्या पाठीत खुपसायचे टॉवेल, छत्री, आणि केळीच्या पानात बांधलेल्या, सिरक्यात शिजवलेल्या मांसाच्या अदोबो-भातासाठी राखून ठेवलेली जागा. माणसं तीन: आई, बाप, लेक. बेत इतका सुटसुटीत होता की रोवेनाला स्वतःचाच अभिमान वाटत होता.

पिपायला पार्कबद्दल एकच गोष्ट ठाऊक होती. तिथे ड्रॅगनगाडी असते आणि तिच्या पुढच्या बाकावर ती आणि ताताय बसणार. ताताय म्हणजे तिचा बाप क्रिसांतो. तो मालवाहू जहाजावर असे आणि वर्षभर फोनवर हे एवढंच बोले, कारण बाकी काही बोलेपर्यंत आवाज जाई. आता तो रजेवर आला होता. सोमवारी पुन्हा जहाज. मधे शनिवार एकच.

पिशवी जवळजवळ भरल्यावर रोवेनाने पार्कला फोन केला. "घरचा भात आणलेला चालतो का?"

"भात चालेल," पलीकडची बाई म्हणाली, "पोरगी केवढी आहे?"

"पाच वर्षांची."

"वय नाही हो, उंची. शंभर सेंटिमीटरच्या खाली ड्रॅगनगाडीत घेत नाहीत."

घरासमोर वरच्या सज्जाला टेकू देणारा एक जाड लाकडी खांब होता. पिपायचे आजोबा, लोलो इस्को, लाकडात संत कोरायचे. त्यांच्याकडे घडीची पोलादी पट्टी होती, म्हणून गेली तीस वर्षं गल्लीतलं प्रत्येक पोर, हौसेने मोठी माणसंसुद्धा, या खांबापुढच्या सिमेंटच्या पायरीवर उभं राहून उंची मोजून गेलं होतं. खांबभर नावं आणि रेघा. लोलोंनी शंभरावर नवी रेघ मारली आणि पिपायला उभं केलं.

दोन बोटं कमी.

"हरकत नाही," पिपाय म्हणाली. "मी उद्या वाढते."

"अशी कशी वाढशील?" लोला शारिंग स्वयंपाकघरातून कडाडल्या. लोला म्हणजे आजी, क्रिसांतोची आई. "एकतीस डिसेंबरला उड्या मारल्यास का तू? रात्री बाराला सगळ्या गल्लीची पोरं उड्या मारत होती आणि ही टेबलाखाली घोरत होती! वर्षाची वाढ उड्यांत असते. मी तेव्हाच म्हटलं होतं."

"आई, तेव्हा तुम्ही फोन बांबूला बांधून छपरावर उभ्या होतात," रोवेना म्हणाली. "रेंज मिळावी म्हणून. आम्ही सगळे खालून तुम्हाला धरून होतो. पोरीला उठवणार कोण?"

"आणि तो फोन कुणासाठी होता? माझ्या लेकासाठी!"

सगळ्यांनी लेकाकडे पाहिलं. लेकाच्या तोंडात भात होता. तो गिळून क्रिसांतो म्हणाला, "मला तर एकतीस डिसेंबर मिळालाच नाही."

"म्हणजे?"

"जहाज अमेरिकेकडून इकडे येत होतं. वाटेत तारीखरेषा लागते. तीस तारखेला रात्री झोपलो, सकाळी उठलो तर एक जानेवारी."

"मग एकतीस कुठे गेली?" लोलांनी विचारलं.

"रेषेच्या खाली."

मग लोलो इस्कोंनी पट्टी पुसत पुसत म्हटलं, "म्हणजे तुझा एकतीस डिसेंबर अजून यायचाय."

"यायचाय तर शुक्रवारी करून टाकू," लोला म्हणाल्या. "शनिवारी पार्क आहे."

"आई, मे महिना चाललाय!"

"दिवस माझ्या लेकाचा आहे. तो केव्हा वापरायचा, ते तो ठरवेल."

क्रिसांतोने लेकीकडे पाहिलं. ती पायरीवर टाचा उंचावून उभी होती, अजून. "शुक्रवारी," तो म्हणाला.

अडचण एकच होती. पिपाय रात्री आठला झोपते. पण दुपारचे बारा हेही बाराच, हे लोलांनी सगळ्यांना पटवून दिलं.

आता करायचं म्हणजे रीतसर करायचं. बारा गोल फळं टेबलावर हवीत, अंगात ठिपक्यांचे कपडे हवेत, खिशात खुळखुळणारी नाणी हवीत, आणि जुनं वर्ष घाबरून पळेल एवढा आवाज हवा. मे महिन्यात अकरा गोल फळं जमली. बारावं मिळेना, तेव्हा लोलो इस्को कोरत असलेल्या बाळयेशूच्या हातातली पृथ्वी काढून परातीत ठेवली, गिऱ्हाईक यायच्या आत ती परत करायच्या अटीवर.

गुरुवारी दोरीवर ठिपक्यांचे कपडे वाळत पडले, तशी शेजारची पुरिंग कुंपणावरून डोकावली. "हे काय गं रोवेना?"

"उद्या एकतीस डिसेंबर आहे," रोवेना म्हणाली. एव्हाना तिने हात टेकले होते.

पुरिंगने थोडा विचार केला. "आमच्या बुबोयला आणू का? त्याला पोलिसात जायचंय. एवढ्याशा उंचीसाठी अडलंय गं पोराचं."

आता पोलीस व्हायला निघालेल्या पोराला नाही कोण म्हणणार? आणि बुबोयला हो म्हटल्यावर त्याच्या बहिणीला, आणि तिला हो म्हटल्यावर बास्केटबॉलच्या अख्ख्या संघाला नाही कसं म्हणणार? शुक्रवारी अकरापर्यंत सज्जावर पाय ठेवायला जागा नव्हती. भांडी बडवायला येताना लोक भांड्यांत शेवया घेऊन आले होते, त्यामुळे आधी त्या संपवाव्या लागल्या.

एवढ्यात खालून आवाज आला, "कुणाच्या परवानगीने चाललाय हा गोंधळ?"

बरंगायच्या, म्हणजे या वस्तीच्या, कप्तानबाई, देलिया. बरंगायमध्ये पान हललं तरी त्यांना कळायचं. बाई कर्तबगार, फक्त बांधा ठेंगणा. भाषणाला उभ्या राहिल्या की पाठीमागच्या लोकांना नुसता माइक बोलताना दिसायचा.

"तुमच्याच, कप्तानबाई," क्रिसांतो सज्जातून म्हणाला. "एकतीस डिसेंबरला आवाज करायची परवानगी तुम्हीच दिलीत. तीच वापरतोय. तारीख तीच आहे."

"शुद्धीवर आहेस का तू? आज..." बाईंनी वर पाहिलं. रेलिंगमधून पिपायचं नाक बाहेर आलं होतं.

"कप्तानबाई, मला ड्रॅगनगाडीत बसायचंय," पिपाय म्हणाली. "तुम्ही पण उड्या मारा ना. तुम्हाला पण लागतील."

कप्तानबाईंनी चप्पल काढली. "पाहणीसाठी वर येतेय," त्या म्हणाल्या. "फक्त पाहणीसाठी."

बाराला दोन मिनिटं कमी असताना ढोल, परात, भोंगे आणि एका दुचाकीचं फाटकं धुराडं असं सगळं एकदम सुरू झालं. भाताच्या खाचरापलीकडे कुणाला तरी वाटलं, आग लागली. त्यामुळे बरोबर बाराला आगीचा बंब भोंगा वाजवत गल्लीत शिरला. आवाजाची जी काही कसर होती, ती भरून निघाली. जवान पाण्याची नळी घेऊन वर धावले आणि वर गर्दी उडत होती म्हणून तेही उडाले.

बारा उड्या. धाड, धाड, धाड. बाराव्या उडीला सज्जा काहीतरी पुटपुटला, पण त्या गलक्यात कुणी ऐकलं नाही.

मग सगळे खाली धावले. क्रिसांतोने पिपायला सिमेंटच्या पायरीवर उभं केलं. लोलोंनी पट्टी तिच्या डोक्यावर आडवी ठेवली. पट्टी शंभराच्या रेघेच्या वर एक बोट होती.

"वाढली!" क्रिसांतो ओरडला. इतका मोठ्याने की बंबाचा भोंगा बंद झाला.

पुरिंगने बुबोयला पुढे ढकललं. खांबावर त्याची जानेवारीतली रेघ होती. तो तिच्यावर तीन बोटं निघाला. पुरिंग रडायलाच लागली. मग रांग लागली. ज्याची ज्याची रेघ खांबावर होती, तो तीन बोटं वाढलेला. कप्तानबाईंची रेघ त्यांच्या लग्नाच्या वर्षातली. त्याही तीन बोटं वर. सत्तर वर्षांच्या लोला शारिंगसुद्धा. बंबाच्या दोन जवानांची रेघ नव्हती, पण उड्या त्यांनीही मारल्या होत्या, म्हणून त्यांनाही वाढलेल्यांत धरलं.

"सगळे सारखेच कसे वाढले?" रोवेनाने विचारलं.

"सगळ्यांनी सारख्याच उड्या मारल्या ना!" लोला म्हणाल्या.

वर सज्जात टेबलावरची बारा फळं आपोआप एका कोपऱ्याकडे घरंगळत निघाली होती. पृथ्वी सगळ्यांच्या पुढे होती. लोलो इस्को एकटेच वर गेले, फळांकडे पाहिलं. खाली आले, खांबाच्या बुडाशी वाकले. तिथे लोला रोज आपल्या ऑर्किडना पाणी घालत. मऊ माती खांबाभोवती नुकतीच वर आल्यासारखी दिसत होती. मग ते ताठ झाले. क्रिसांतो लेकीला खांद्यावर घेऊन गल्लीभर नाचत होता. लोलोंनी पट्टी घडी करून खिशात ठेवली.

रोवेनाच्या बेताचं पुढे जे व्हायचं ते झालं. ज्यांनी उड्या मारल्या, ते ती उंची कामी आलेली पाहायला येणारच. शनिवारी पहाटे गल्लीत माणसं वाहणाऱ्या दोन लांबलचक जीपन्या उभ्या होत्या, केळीच्या पानातला अदोबो कपडे धुवायच्या टबात भरला होता, आणि रोवेनाची पिशवी कुणाच्या तरी मांडीखाली गेली ती संध्याकाळी सापडली. पिपाय पुढे बसली होती. वाटेतल्या प्रत्येक माणसाला ती सांगत होती, "मी काल वाढले!"

ड्रॅगनगाडीच्या तोंडाशी फळ्यांचा एक ओटा होता. ओट्यावर मोजमापाचा लाकडी जिराफ, आणि ओट्याला लागून पोरांनी उभं राहायला जमिनीतला सिमेंटचा ठोकळा. पहाऱ्यावरच्या बाईने पिपायला ठोकळ्यावर उभं केलं, जिराफाच्या गुडघ्याशी पाहिलं आणि मान हलवली.

"दोन बोटं कमी."

"अशक्य!" कप्तानबाई पुढे सरसावल्या. "काल मी स्वतः पाहिलंय. मी स्वतः वाढलेय!"

पहारेकरीण बाईने त्यांच्याकडे पाहिलं, मग खाली पाहिलं, मग पुन्हा त्यांच्याकडे पाहिलं. "असेल," ती म्हणाली.

पिपाय रडली नाही. तिने डोक्यावर हात ठेवून पाहिला, काही पडलं तर नाही ना, असा. "ताताय," ती म्हणाली, "मी परत छोटी झाले?"

क्रिसांतो वादळात जहाजाच्या टोकावर उभा राहिलेला माणूस. आता त्याने लेकीची नजर चुकवली. जीपनीभर लोक आपापल्या पायांकडे पाहत उभे राहिले.

लोलो इस्को वाकले होते. ते जिराफाकडे पाहत नव्हते, ओट्याच्या बुडाशी पाहत होते.

"बाई," त्यांनी पहारेकरणीला विचारलं, "रात्री पाऊस झाला का इकडे?"

"धो धो. का हो?"

"सहज." मग ते गल्लीतल्या लोकांकडे वळले. आयुष्यात कधी आवाज न चढवलेला तो माणूस मोठ्याने म्हणाला, "सगळे ओट्यावर या. अजून बारा उड्या."

"अहो, हे काय चाललंय?" पहारेकरीण धावली.

"एकतीस डिसेंबर," लोला शारिंग म्हणाल्या. "पोरीचा राहिला होता."

बाईचा चेहरा मऊ झाला. तिचंही घर होतं, घरात पोरं होती. "मग असं मुक्याने का करताय?" ती म्हणाली. "आवाजाशिवाय होतं का ते?" आणि तिने गळ्यातली शिट्टी तोंडात धरली.

शिट्टीच्या तालावर दोन जीपन्या भरून माणसं बारा वेळा उडाली. ओटा काहीतरी पुटपुटला. जिराफाने किंचित मान तुकवली. पिपायला पुन्हा सिमेंटच्या ठोकळ्यावर उभं केलं, तेव्हा बाईला वाकावंसुद्धा लागलं नाही.

"शंभर," ती म्हणाली. "थोडी वरच."

जो जल्लोष झाला, तो ऐकून ड्रॅगनगाडी चालवणारा माणूस आपलं काय चुकलं ते पाहायला बाहेर आला.

पुढच्या बाकावर पिपाय आणि ताताय बसले. गाडी सुटली. ती तळ्याभोवती इतक्या सावकाश फिरली, की पाण्यातलं एक बदक मागून आलं आणि पुढे निघून गेलं. हिला उंचीचा नियम कुणी लावला, कुणास ठाऊक. पण क्रिसांतो पहिल्या वळणापासून दोन्ही हात वर करून ओरडत होता आणि पिपाय त्याच्याहून मोठ्याने. काठावरून अख्खी गल्ली हात हलवत होती.

दुसऱ्या फेरीला पिपायने विचारलं, "ताताय, तुझं जहाज याच्यापेक्षा जोरात जातं?"

"जातं. थोडं."

"मग तू लवकर येशील," पिपाय म्हणाली आणि पुन्हा ओरडायला लागली.

सोमवारी क्रिसांतो गेला. मंगळवारी कप्तानबाईंनी शिक्क्यानिशी जहाज कंपनीला अर्ज पाठवला:

"विषय: एकतीस डिसेंबर मिळणेबाबत. महोदय, आपल्या जहाजावरील खलाशी क्रिसांतो यांची मागील एकतीस डिसेंबर ही तारीख त्यांच्या कुटुंबाने मे महिन्यात वापरून संपवली असल्याने, आता शिल्लक राहिलेली नाही. तरी यापुढे दरवर्षी डिसेंबरअखेर जहाज तारीखरेषेच्या पलीकडेच थांबवून सदर खलाशास ती तारीख पूर्ण द्यावी व ती घालवण्यासाठी घरी पाठवावे. हे शक्य नसल्यास, तारीखरेषा या बरंगायपासून योग्य त्या अंतरावर हलवण्यात यावी, ही नम्र विनंती."