शेपटीचा रफू

रफूमास्तरांच्या दुकानात कपडा आला की सगळ्यात आधी तो उजेडात जायचा. गिऱ्हाईक समोर उभं असतानाच मास्तर तो उलटायचे, सुलटायचे, आणि जिथे आधीचं फाटलेलं सापडेल तिथे पांढऱ्या दोऱ्याचा एक टाका घालायचे. "हे तुमचं," ते म्हणायचे, "यापुढं जे होईल ते माझं." त्यामुळे आयुष्यात कधी त्यांच्या दारात भांडण म्हणून झालं नव्हतं. आणि रफू असा, की कपड्याच्या मालकाने डोळे फोडून शोधलं तरी जागा सापडू नये. मास्तरांना याचा गर्व होता आणि तो ते लपवतही नसत.

असा हा माणूस एका माशापायी कसा गोत्यात आला, ते ऐका.

मुलीच्या सासरी रंगकाम निघालं होतं. जावई कामासाठी परगावी गेलेला, आणि त्याचा जीव की प्राण असलेला निळा फायटर मासा घरात. रंगाचा वास माशाला बाधेल, म्हणून विहीणबाई स्वतः टाकी मांडीवर घेऊन मास्तरांकडे आल्या. टाकीवर जाड टॉवेल होता.

"याला एकदम उजेड सहन होत नाही," त्या म्हणाल्या. "मी गेल्यावर सावकाश काढा."

मास्तरांचा हात सवयीने टॉवेलाकडे गेला होता. पण सोयऱ्यांची वस्तू त्यांच्याच देखत उलटीपालटी करून बघायची, हे काही बरं दिसत नाही. त्यांनी हात मागे घेतला. "निर्धास्त जा, विहीणबाई," ते म्हणाले. "आमच्याकडं वस्तू जशी येते तशी जाते. झाली तर बरीच होऊन जाते."

संध्याकाळी टॉवेल निघाला तेव्हा मासा शेपूट मिटून कोपऱ्यात तोंड खुपसून बसला होता. याला करमत नाही, असं मास्तरांनी परस्पर ठरवलं, आणि बायकोच्या फुलदाणीतलं प्लास्टिकचं फूल धुऊन टाकीत सोडलं. सकाळी मासा फुलाभोवती ऐटीत फिरत होता. मास्तर कौतुकाने वाकले आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. ती झुळझुळीत निळी शेपूट कडेपासून थेट बुंध्याजवळपर्यंत उभी फाटलेली होती.

"अगं, इकडं ये जरा. फाटलं."

"काय फाटलं?"

"जावयाचं."

बायको धावत आली. तिने शेपूट पाहिली, मग फूल बाहेर काढून निरखलं. "हे बघा, देठाची तार वर आलीय. तुम्हाला कुणी सांगितली होती ही नसती उठाठेव?"

मास्तरांनी भिंग आणलं. "ताणा शाबूत आहे," ते पुटपुटले. "उभे काटे आहेत तसे आहेत, मधला पडदा तेवढा गेलाय. रेशमाचा एक बारीक धागा घेतला तर..."

"त्या सुईला हात लावलात तर मी माहेरी जाईन."

"तुझं माहेर मागच्या गल्लीत आहे."

"म्हणूनच जाईन. सगळ्यांना लगेच सांगता येईल."

प्रश्न माशाचा होताच, पण त्याहून मोठा होता. लेक नुकतीच त्या घरात गेली होती. रफूमास्तरांच्या ताब्यात दिलेली वस्तू फाटून परत आली, हे तिला सासरी रोज ऐकावं लागलं असतं, आणि मास्तरांना त्या उंबऱ्यावर पुन्हा ताठ मानेने उभं राहता आलं नसतं. ते तडक शोभेच्या माशांच्या दुकानात गेले.

दुकानातली बाई माशांना खाऊ घालत होती. "बुंधा शाबूत आहे ना?" तिने विचारलं. "मग येईल भरून. थोडं थोडं पाणी बदलत राहा. नळाचं तसंच ओतू नका, आधी त्यात हे औषध घाला. कड काळपट दिसली, कुजायला लागली, तर माझ्याकडे या."

"आणि मी काय करायचं?"

"काही नाही. बघत बसायचं."

फाटलेलं दिसलं की ज्याचे हात शिवशिवतात, त्याला यापेक्षा मोठी शिक्षा नाही. मास्तर पाणी बदलत आणि हात पाठीमागे बांधून टाकीसमोर उभे राहत. त्यातच विहीणबाईंचा व्हिडिओ कॉल आला. बायकोने फोन असा धरला की माशाचं नुसतं तोंड दिसावं.

"तोंड छान आहे," विहीणबाई म्हणाल्या. "शेपूट... शेपूट कशी काय आहे?"

"शेपटीला काय धाड भरलीय?" मास्तर दचकून म्हणाले.

"काही नाही, सहज विचारलं. मी येऊन जाऊ का एकदा?"

"नको, नको. आमच्याकडंही रंगकाम काढलंय."

"मग मासा रंगाच्या वासात?"

एक खोटं निभवायला मास्तरांनी दुसरं पुढं केलं. "छे, तो दुकानात हलवलाय."

झालं. लेक कधीही डोकावेल, म्हणून टाकी खरोखरच दुकानात न्यावी लागली. घरात रंगाचा वास हवा, म्हणून मास्तरांनी एक डबा आणून स्वयंपाकघराच्या दाराला पिवळा रंग फासला. बायको त्या दाराकडे बघायची, मग मास्तरांकडे बघायची. ते बघणं बोलण्यापेक्षा वाईट होतं.

दुकानात मात्र वेगळाच प्रकार सुरू झाला. येणाऱ्या गिऱ्हाइकाला मास्तर भिंग घेऊन टाकीवर वाकलेले दिसत, आणि टाकीत फाटक्या शेपटीचा मासा. लोक कोट ठेवून जात, कोट न्यायला परत येत, तेव्हा शेपूट थोडी भरलेली असे. आधी कडेला बिनरंगाची, पातळ साय धरावी तशी कड आली. मग ती फटीत उतरली. पुढे हळूहळू तिच्यात निळा रंग चढू लागला.

"बघा, बघा कशी वीण घालतोय," मास्तर गिऱ्हाइकांना खेचून दाखवत. त्यांचा ऊर भरून येई. "घाई नाही, गाठ नाही, कुठं ओढ नाही. माझ्या गुरूंनंतर असा हात मी पाहिला नाही."

ते माशाविषयी बोलत होते. ऐकणारे ते मास्तरांविषयी समजत होते. माणसाने शोभेल इतपत आडपडद्याने स्वतःची स्तुती करावी, त्यात गैर ते काय. रफूमास्तर आता माशालाही रफू करतात, ही बातमी सगळ्या पेठेत फिरली आणि फिरत फिरत जिथे जायला नको होती तिथे गेली.

विहीणबाई दुकानात शिरल्या तेव्हा दोन गिऱ्हाइकं होती आणि बायको जेवणाचा डबा घेऊन आलेली. मास्तर उठून उभे राहिले. शेपूट भरून आली होती, पण पेठभर झालेली बातमी झाकायला टॉवेल पुरणार नव्हता. त्यांनी घसा खाकरला. "विहीणबाई, माझी चूक झाली. मी टाकीत एक फूल..."

"तुमची कसली चूक, मास्तर." विहीणबाईंच्या डोळ्यांत पाणी होतं. "शेपूट मीच फाडली होती. पाणी बदलताना चहाच्या गाळणीनं पकडायला गेले. टॉवेल त्यासाठीच टाकला होता. म्हटलं, तुमच्या नजरेतून सुटायचं नाही. लेकाला काय तोंड दाखवू, म्हणून जीव टांगणीला लागला होता. आणि तुम्ही चकार शब्द न काढता नीट करून ठेवलीत."

मास्तरांनी बायकोकडे पाहिलं. बायको म्हणाली, "म्हणजे आलं तेव्हाच फाटलेलं होतं. आणि मी त्या पिवळ्या दारातून रोज ये-जा करतेय."

"पण रफू मी केलेला नाही," मास्तर म्हणाले. दुसऱ्याच्या कामावर आपलं नाव त्यांना खपत नसे. "त्यानं स्वतःच केलाय. मी नुसता बघत होतो."

"मोठी माणसं असंच बोलतात. बरं, सांधा कुठाय ते तरी दाखवा."

मास्तरांनी भिंग लावलं. सकाळपासून ते तेच शोधत होते. "मलाही सापडत नाही," ते अभिमानाने म्हणाले.

"तेच म्हणतेय मी," विहीणबाई म्हणाल्या, आणि गिऱ्हाइकांनी माना डोलावल्या.

मासा मानाने घरी गेला. मास्तरांच्या लेकीने सासरी मान आणखी उंच केली. दुसऱ्या दिवशी मास्तर दुकान उघडतात तो पायरीवर एक गृहस्थ बरणी छातीशी धरून उभे. बरणीत सोनेरी मासा होता.

"तुमचं नाव ऐकून आलोय," गृहस्थ म्हणाले. "याचं जरा बघा."

हे माझं काम नाही, असं मास्तर सांगणार होते. पण हात सवयीचे. त्यांनी बरणी घेतली, उजेडात धरली, हळूच फिरवली. पाठीवरचा पर चिरला होता, बुंधा मात्र शाबूत होता. मास्तरांनी पांढरा दोरा काढला आणि बरणीच्या गळ्याला बांधला.

"हे तुमचं," ते म्हणाले. मग त्यांनी माशाकडे पाहिलं. "यापुढं जे होईल ते याचं."