अर्धा किलो जास्त

बॅगेकडे नुसतं बघून तिचं वजन सांगणारा माणूस तुम्ही पाहिलाय? नसेल तर माझ्याकडे बघा! विमानतळावर सामान तोलायच्या काउंटरवर मी सोळा वर्षं काढली आहेत. जेमतेम अर्ध्या किलोसाठी मी एका नवरदेवाला सगळ्यांदेखत बॅग उघडायला लावली आहे. एक पैलवान तर माझ्यासमोर रडला आहे!

त्यामुळे बायकोने जेव्हा जाहीर केलं की या सुट्टीत आपण चौघांनी यात्रेची वाट चालायची, बारा दिवस, एकशे ऐंशी किलोमीटर, थेट डोंगरावरच्या देवस्थानापर्यंत, तेव्हा मी जराही डगमगलो नाही.

"चालायचं तुम्ही बघा," मी म्हणालो. "सामानाचं माझ्यावर सोडा!"

स्वयंपाकघरातला काटा जेवणाच्या टेबलावर आला. बायकोचा दुसरा स्वेटर बाद. तेरा वर्षांच्या थोरलीची तीनपैकी दोन पुस्तकं बाद. आठ वर्षांच्या धाकट्याचा प्लास्टिकचा डायनासोर शेपटी धरून तोलला आणि बाद. टूथपेस्टसुद्धा मी अर्धी पिळून काढली! बायको एका शब्दाने बोलली नाही. पंधरा वर्षांच्या संसारानंतर या गप्प बसण्याचा अर्थ मला कळायला हवा होता, पण मी तेव्हा साबणाचे चार तुकडे करण्यात गर्क होतो.

पहिल्या दिवशी संध्याकाळी माझा डावा खांदा कुरकुरायला लागला. वय झालं, असं मी मनाला समजावलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र राहवेना, म्हणून मुक्कामाच्या खोलीत बॅग पलंगावर उपडी केली. तळाशी धाकट्याचा एक जाड मोजा होता. मोज्यात काय असावं? दुकानात तराजूच्या पारड्यात ठेवतात ते लोखंडी वजन! अर्ध्या किलोचं! कडेला हिरवा रंग! चक्क माझ्या बॅगेत!

"हे तू ठेवलंस?" मी धाकट्याला खिंडीत गाठलं.

"नाही, बाबा."

"डायनासोर आणू दिला नाही म्हणून सूड ना?"

"नाही हो, बाबा! आईशप्पथ!"

त्याचे डोळे भरले. मला वाटलं, पकडला गेला म्हणून रडतोय.

आता या लोखंडाचं काय करायचं? शेजारच्या पलंगावर एका निवृत्त पोस्टमनची पिशवी होती. आदल्या दिवशी हे गृहस्थ माझ्या मुलांकडे बघून म्हणाले होते, "ही पलटण घेऊन निघालात? पोहोचाल हो, पुढच्या वर्षी!" ते आंघोळीला गेले होते. मोजा मी ठेवून घेतला, आणि लोखंड अलगद त्यांच्या पिशवीच्या तळाशी सरकवलं. तासाभराने पोस्टमन तरातरा पुढे निघून गेले. मीही शीळ घालत निघालो.

चौथ्या दिवशी दुपारी बायको मुक्कामाच्या नळावर कपडे धूत होती आणि मी पिळत होतो.

"तुला एक सांगायचंय," ती म्हणाली. "तुझ्या बॅगेत तळाशी नानांचं वजन आहे."

नाना म्हणजे माझे सासरे. त्यांचं किराणामालाचं दुकान होतं. दरवर्षी म्हणायचे, पुढच्या वर्षी दुकान बंद ठेवून ही वाट चालणार. दुकान एक दिवसही बंद राहिलं नाही. गेल्या वर्षी नाना गेले तेव्हाच काय ते बंद झालं.

"देवस्थानाच्या पायरीला टेकवायचंय ते. तेवढ्यासाठीच तर आलेय मी," ती म्हणाली. "तुला आधी सांगितलं असतं तर तू काट्यावर ठेवलं असतंस. पण तुला पहिल्याच दिवशी कळलं असणार, हो ना? कळूनही तू गप्पपणे उचलत राहिलास. खरं सांगू? तू इतका समजूतदार असशील असं मला वाटलं नव्हतं."

आणि ती रडायला लागली! माझ्या हातातला टॉवेल मी इतका पिळला की त्याची शिवण उसवली.

तेव्हाच सांगून टाकायला हवं होतं. पण पंधरा वर्षांत पहिल्यांदा मिळालेलं प्रशस्तिपत्रक पाच मिनिटांत परत करणारा नवरा असेल तर त्याने मला पत्र लिहावं. मी नाही केलं. वर तिने "आजपासून मी उचलते" म्हटल्यावर मी छातीवर हात ठेवून म्हणालो, "छे! नाना मलाही वडिलांसारखेच!" आणि नदीकाठचा एक दगड त्या मोज्यात कोंबला. काठावर तेवढा एकच बरा मिळाला. आठशे ग्रॅम!

मुलांना विश्वासात घ्यावं लागलं. थोरलीने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बाबा, आईला सांगून टाका."

"वेडी आहेस का?"

धाकटा कमरेवर हात ठेवून उभा होता. "आधी मला सॉरी म्हणा!" मी म्हणालो, अगदी मनापासून. तेव्हा कुठे तो पळायला तयार झाला.

कारण पोस्टमनना गाठायचं तर आता पळायचंच होतं! रोजच्या पंधरा किलोमीटरचे आम्ही वीस केले. मुलं कुरकुर न करता चालताहेत, नवरा सगळ्यांच्या आधी बूट घालून दारात उभा आहे, हे बघून बायको गहिवरली. "तुला किती ओढ लागलीय रे!" ती म्हणाली. धापा टाकताना बोलता येत नाही, तेच बरं असतं.

सातव्या दिवशी पोस्टमन सापडले. टाचेला फोड आल्यामुळे एका दवाखान्याबाहेर बाकावर बसले होते. बायको आत मलम आणायला गेली, तेवढ्यात मी त्यांचे पाय धरले. फोड आलेलाच धरला, ते ओरडले.

"ते वजन? तुम्ही ठेवलं होतंत होय! मी एका दातांच्या डॉक्टरीणबाईंच्या पिशवीत टाकलं."

"फेकून नाही दिलंत?"

"फेकून?" ते दुखावले. "अहो, जन्मभर लोकांच्या वस्तू पुढे पोहोचवल्या. हातात आलेली फेकवत नाही. पुढे पाठवली!"

पुढच्या मुक्कामाला अभिप्रायाची वही होती. थोरली ती आईला मोठ्याने वाचून दाखवायला लागली. "सोय उत्तम. पाणी गरम. फक्त कोणीतरी माझ्या पिशवीत लोखंड..." आणि थांबली.

"लोखंड काय?" बायकोने विचारलं.

"लोखंडी पलंग चांगले आहेत म्हणे," थोरली म्हणाली. मी नंतर ते पान पाहिलं. 'ज्याने हे केलं त्याच्या दाढा दुखोत,' असं खाली लिहिलं होतं.

डॉक्टरीणबाई काही सापडल्या नाहीत. मुलांचे पाय सुजले तेव्हा मी पळापळ थांबवली. धाकट्याला शेवटचे दोन दिवस खांद्यावर घेतलं, आणि मोज्यातला दगड पाठीत टोचत राहिला.

बाराव्या दिवशी आम्ही देवस्थानाच्या पायरीशी पोहोचलो. बायकोने हात पुढे केला. मी मोजा दिला. तिने तो उलटा केला आणि दगड तिच्या ओंजळीत पडला.

मी सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. ती ओरडली असती तर बरं वाटलं असतं, पण ती नुसती पायरीवर बसून दगडाकडे बघत राहिली. मला फार वाईट वाटलं. थोरली तिच्या शेजारी बसली. धाकट्याने तिच्या गळ्यात हात टाकले. मी उभाच होतो, कुठे बसावं ते कळेना.

शेवटी ती उठली. "चला, नावं तरी नोंदवू," म्हणाली.

नोंदणीच्या काउंटरवर एक कारकून बसला होता. समोर कागदांची चळत. ती वाऱ्याने उडू नये म्हणून वर ठेवलं होतं अर्ध्या किलोचं लोखंडी वजन! कडेला नानांनी ओळखीसाठी लावलेला हिरवा रंग!

"हे कुठून आलं?" बायकोचा आवाज चिरकला.

"काल एका नव्या जोडप्याने आणून आदळलं," कारकून म्हणाला. "त्याला वाटलं तिने भरलं, तिला वाटलं त्याने. दोन दिवस अबोला! मग कळलं, कोणा दातांच्या डॉक्टरने चिकटवलं होतं म्हणे. तुमचं आहे का?"

बायकोने ते उचललं, पायरीपर्यंत नेलं, टेकवलं. मग हसायला लागली, हसता हसता रडली. "नाना माझ्या आधी पोहोचले!"

परत येऊन तिने ते पुन्हा कागदांवरच ठेवलं. "असू दे इथेच. काउंटर आहे, माणसांची ये-जा आहे. करमेल त्यांना."

मला माफी मिळाली का, हे विचारायची हिंमत होत नव्हती. तिने सासूबाईंना फोन लावला, सगळं सांगितलं आणि फोन माझ्या हातात दिला.

"जावईबापू," सासूबाईंचा आवाज भिजलेला होता, "जन्मभर मी ह्यांना सांगत होते, दुकान सोडून चार पावलं चला. गेले एकदाचे! पोस्टमनने नेलं, डॉक्टरीणबाईंनी नेलं, नव्या जोडप्याने नेलं. सगळ्यांचं भलं होवो. आणि तुम्ही काय उचललंत?"

बायको, थोरली, धाकटा, कारकून, सगळे माझ्याकडे बघत होते.

"दगड," मी म्हणालो.