चौदा मिलिमीटरचं वर्तुळ

माणसं नापास होतात, पूल नापास होतात, प्रसंगी औषधंही नापास होतात. पण औषधी वनस्पती प्रयोगशाळेत नापास झाल्याचं कोणी ऐकलेलं नाही. बंगळूरमधल्या हेब्बाळजवळच्या एका कॉलेजच्या सूक्ष्मजीवशास्त्र विभागाने अकरा वर्षांत एक्केचाळीस झाडांचा पाला तपासला. एक्केचाळीसच्या एक्केचाळीस जंतुनाशक निघाले. (बेचाळिसावा कढीपत्ता होता, तो तपासणीच्या आदल्या दिवशी कोणीतरी फोडणीला घातला.)

त्रेचाळिसावा पाला मेघाश्रीच्या वाट्याला आला. तिचं घराणं पाच पिढ्या बंगळूरचं. आई गेल्यापासून बनशंकरीच्या सगुणाआत्यानेच तिला वाढवलेलं, आणि आपली मेघा डॉक्टर होणार (पीएचडीची का होईना) हे आत्याने दूधवाल्यापर्यंत सगळ्यांना सांगून ठेवलं होतं.

पद्धत सोपी. पाला सावलीत वाळवायचा, कुटायचा, अल्कोहोलमध्ये भिजवून अर्क काढायचा. काचेच्या बशीतल्या जेलीवर जंतू वाढवायचे, जेलीत मध्ये भोक पाडून अर्क घालायचा. जंतू मेले की भोवती स्वच्छ वर्तुळ उमटतं. ते पट्टीने मोजायचं आणि देशाच्या प्राचीन ज्ञानाला वंदन करून शोधनिबंध लिहायचा.

मेघाश्रीचं वर्तुळ चौदा मिलिमीटरचं आलं. तिचे मार्गदर्शक डॉ. नंदकिशोर इतके खूश झाले की त्यांनी स्वतः पट्टी पुसून ठेवली.

पण मुलगी आगाऊ. तिने शेजारच्या भोकात पाला न घालता नुसतं अल्कोहोल घातलं होतं. तिथेही चौदा. मग तिने अर्कातलं अल्कोहोल पूर्ण उडवून उरलेला पाल्याचा सत्त्वांश पाण्यात कालवून घातला. जंतू त्यावर सुखाने नांदले. तीनदा करून पाहिलं. तिन्ही वेळा नांदले.

"सर, जंतू पाल्याने मरत नाहीयेत. अल्कोहोलने मरतायत."

"अगं, पण नुसतं अल्कोहोल ठेवायला तुला सांगितलं कोणी?"

"पुस्तकात आहे, सर."

"पुस्तकं परीक्षेसाठी असतात, मेघाश्री. इथे आपण रिसर्च करतो."

सरांचं म्हणणं तर्काला धरून होतं. दुसरं भोक पाडलंच नाही, तर पहिल्यात खोट निघत नाही. निबंधातून ते भोक गेलं. मेघाश्रीची चार वर्षं खर्ची पडली होती, आत्या वाट पाहत होती. तिने खाली मान घालून सही केली. एका वर्तमानपत्राने बातमी छापली: 'कुंपणाकडेचा पाला करणार जखमांवर मात'.

पंधरवड्याने आत्याच्या खोलीत कसलासा वास येऊ लागला. मेघाश्रीने पांघरूण बाजूला केलं. आत्याच्या पायाच्या अंगठ्याला पाला बांधलेला होता, आणि अंगठा काळा पडला होता. आत्याला मधुमेह.

"चप्पल लागली होती गं," आत्या म्हणाली. "पेपरातलं कात्रण बघूनच बांधलाय. दुसऱ्याच्या औषधावर विश्वास ठेवायचा, आणि घरच्या पोरीच्या नाही?"

हॉस्पिटलात अंगठा काढावा लागला. हा सल्ला दिला कोणी, असं सर्जनने रागाने विचारलं, तेव्हा आत्याने अभिमानाने भाचीकडे बोट दाखवलं. वर म्हणाली, "स्वल्प उशीर झाला, डॉक्टर. पाला पहिल्या दिवशीच बांधायला हवा होता."

मेघाश्री बाहेर जाऊन जिन्यात बसून रडली. मग तिथेच मोबाइलवर तिने निबंध छापणाऱ्या मासिकाला पत्र लिहिलं: आमचा निष्कर्ष खोटा आहे, निबंध मागे घ्या. मासिकाने तत्परतेने दुरुस्ती छापली. 'लेखकांच्या यादीत एक नाव नजरचुकीने आलं होतं, ते वगळण्यात येत आहे.' निबंध जागच्या जागी राहिला. मेघाश्रीला दुसरा मार्गदर्शक शोधावा लागला, आणि पहिल्या वर्षापासून पुन्हा सुरुवात.

मग तिने मराठी मंडळात व्याख्यान दिलं. ती पाऊण तास बोलली. बशा दाखवल्या, दोन्ही वर्तुळं दाखवली, आत्याचा अंगठाही सांगितला. सभागृह हळहळलं. काहींनी डोळे पुसले. शेवटी निवृत्त इंजिनियर रघुपती उठले.

"फार प्रामाणिक बोललात, बाई. सगळं पटलं. फक्त पाल्याचं नाव राहिलं."

"काका, त्याचा काही उपयोग नाही म्हणून तर मी..."

"सरी, सरी, बरोबर आहे. लावायचा नाही हे कळलं. पण पोटात घेतला तर?"

सभागृहातल्या बासष्ट जणांनी पेनं उघडली.

प्रस्तुत कथेतही पाल्याचं नाव दिलेलं नाही. ते नजरेतून सुटलं की काय म्हणून जे वाचक मघाशी वर जाऊन पाहून आले, त्यांनी बासष्टात स्वतःला मिळवून आकडा दुरुस्त करून घ्यावा.